घोरणे थांबते तेव्हा

फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत संगीतकार बप्पी लाहिरी ह्यांचे निधन झाले. त्यानंतरच्या बातम्यांतून ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया’ हे लांबलचक नाव अनेक घरांनी प्रथमच वाचले. झोपेत घशातील वाट मिटून श्वास पुनःपुन्हा अडणे, एवढाच त्याचा अर्थ. ‘आमचे हे घोरतात, ते हेच का?’ असा प्रश्न त्या सुमारास कित्येक गृहिणींच्या मनात डोकावला असेल. त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. घोरणाऱ्या प्रत्येकाला हा विकार असतोच असे नाही. परंतु हा विकार असलेले बहुतेक लोक घोरतात.

आपल्याकडे घोरणे हा थट्टेचा विषय. लग्नघरी, रेल्वेच्या शयनयानात, पंगतीनंतरच्या वामकुक्षीत घोरणाऱ्याला कुंभकर्ण म्हणून मोकळे व्हायचे. पण कुंभकर्ण निदान झोपत तरी असे. ज्या माणसाविषयी आम्ही लिहीत आहोत, तो आठ तास अंथरुणावर असतो आणि त्याची झोप मात्र होत नाही.

जागेपणी घशाचे स्नायू श्वासाची वाट उघडी धरतात. झोपेत ते सैलावतात, जीभ मागे कलते, मऊ टाळू आणि पडजीभ खाली लोंबतात. अरुंद वाटेतून हवा जाताना तेथील मऊ भाग थरथरतो, तेच घोरणे. वाट पुरतीच मिटली की आवाज थांबतो. घरच्यांना वाटते, झोप शांत लागली. वस्तुतः त्या क्षणी छाती व पोट हलत असूनही हवा आत जात नसते. रक्तातील प्राणवायू उतरू लागतो, मेंदू स्नायूंना जागे करतो, आणि माणूस मोठा आचका देऊन श्वास घेतो. सकाळी त्याला ह्यातले काही आठवत नाही.

दहा सेकंद वा अधिक काळ श्वास थांबला, तर तो एक खंड मानतात. श्वास फार उथळ होऊन प्राणवायू उतरला तर तेही मोजतात. तासाला असे ५ ते १५ प्रसंग घडल्यास विकार सौम्य, १५ ते ३० पर्यंत मध्यम आणि त्यापुढे तीव्र. तासाला तीस म्हणजे सात तासांच्या झोपेत दोनशेदहा वेळा! मग सकाळी डोके दुखते, दिवसा वर्तमानपत्र हाती घेतले की डुलकी लागते. रक्तदाब औषधांना दाद देत नाही, हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, पक्षाघाताचा धोका वाढतो. आणि असा माणूस मोटारीच्या चाकामागे बसला, तर धोका त्याच्या एकट्यापुरता राहत नाही.

ह्या विकाराचा साक्षीदार रोगी स्वतः नसतो. शेजारी झोपणारे माणूस असते. इंदूर-बडोद्याच्या जुन्या वाड्यांत माजघरात दहा माणसे ओळीने झोपत, तेव्हा आजोबांचा श्वास अडला तर कोणाला तरी ऐकू येई. आता प्रत्येकाला स्वतंत्र खोली आली. घोरण्याला कंटाळून पत्नी दुसऱ्या खोलीत निजायला गेली, की एकमेव साक्षीदारही गेला.

स्त्रियांची गोष्ट निराळी. बाई घोरते असे सांगायची आपल्या घरांत लाज वाटते. शिवाय स्त्रियांत पुष्कळदा घोरण्यापेक्षा झोपमोड, थकवा, उदासी ह्याच तक्रारी पुढे येतात. मासिक पाळी थांबल्यानंतर हे प्रमाण वाढते, आणि ‘वयोमानाने होते’ म्हणून ते सोडून दिले जाते. आम्हांस हा सर्वांत मोठा अन्याय वाटतो.

१९८१ मध्ये ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे डॉ. कॉलिन सलिव्हन ह्यांनी नाकावरील मुखवट्यातून हवेचा सौम्य दाब देऊन घसा उघडा ठेवण्याचा उपाय प्रसिद्ध केला. ‘सीपॅप’ ह्या नावाने ओळखले जाणारे हे यंत्र आजही तीव्र विकारावरील प्रमुख उपाय आहे. ते उत्तम काम करते. पण काहींना मुखवटा सोसत नाही, आणि चार रात्रींनंतर यंत्र कपाटात जाते. अशांच्या बाबतीत दंतवैद्याचा विचार अवश्य व्हावा.

दाताच्या डॉक्टरचा झोपेशी काय संबंध, असे वाचकांस वाटेल. संबंध जबड्याचा आहे. जीभ खालच्या जबड्याला जोडलेली असते. जबडा मागे तर जीभ मागे. फ्रेंच दंतशास्त्रज्ञ प्येर रोबँ ह्यांनी १९२३ मध्येच आखूड जबड्याच्या तान्ह्या मुलांत जीभ मागे पडून श्वास कसा अडतो, ह्याचे वर्णन केले होते.

दुसरे असे की, वर्षानुवर्षे कोणी आपल्या तोंडात दिवा लावून पाहत असेल तर तो दंतवैद्यच. रात्री दात खाऊन झिजलेल्या दाढा, जिभेच्या कडेवर उमटलेले दातांचे ठसे, उंच व अरुंद टाळू, आखूड हनुवटी, तोंडाने श्वास घेतल्याने आलेली कोरड, हे सारे त्याला दिसते. तोंड उघडून जीभ बाहेर काढल्यावर पडजीभ कितपत दिसते, ह्यावरून घशाच्या वाटेचा अंदाज बांधतात. ही पद्धत आंध्रात जन्मलेले भूलतज्ज्ञ डॉ. मल्लमपती ह्यांच्या नावाने ओळखली जाते. भूल देण्यापूर्वीच्या तपासणीसाठी त्यांनी ती १९८५ मध्ये मांडली होती. अशा खुणांवरून दंतवैद्य संशय घेऊ शकतो, निदान करू शकत नाही. निदान वैद्यानेच, रात्रभराच्या झोपेच्या चाचणीवरून करावयाचे. ही चाचणी आता रुग्णालयाप्रमाणे अनेकदा घरीही होते.

विकार सौम्य वा मध्यम ठरला, किंवा सीपॅप सोसलेच नाही, तर वैद्याच्या सांगण्यावरून दंतवैद्य जबडा पुढे धरणारे साधन तयार करतो. वरच्या व खालच्या दातांची मापे घेऊन दोन आवरणे बनवितात आणि ती अशी जोडतात, की खालचा जबडा काही मिलिमीटर पुढे राहावा. जबड्याबरोबर जीभ पुढे येते, टाळूच्या बाजूच्या पेशीही ताणल्या जातात, वाट मोकळी होते. जबडा एकदम पुढे ओढीत नाहीत. काही आठवड्यांत थोडथोडा सरकवितात. आकडेवारीत सीपॅप ह्याच्याहून सरस ठरते, परंतु हे साधन लोक रात्री अधिक तास वापरतात, आणि प्रत्यक्षातला फरक त्यामुळे पुष्कळ कमी होतो.

पहिले काही दिवस लाळ सुटते, सकाळी जबडा अवघडतो. वर्षानुवर्षे वापरल्यावर वरचे पुढचे दात किंचित मागे व खालचे पुढे कलून दातांची बैठक बदलू शकते, म्हणून दर सहा महिन्यांनी, निदान वर्षाने, तपासणी हवीच. साधनाला पकड मिळण्यासाठी पुरेसे मजबूत दात लागतात. पूर्ण कवळी असलेल्यांना किंवा हिरड्यांच्या रोगाने दात हलत असलेल्यांना ते सहसा जमत नाही. गरम पाण्यात मऊ करून दातांवर दाबायची तयार साधने बाजारात मिळतात, त्यांवर आमचा भरवसा नाही. घोरणे थांबते, घरचे खूश होतात, आणि श्वास अडणे आतल्या आत चालूच राहू शकते. म्हणूनच साधन तोंडात ठेवून झोपेची चाचणी पुन्हा करून घ्यावी लागते.

वजन उतरविणे, कुशीवर निजणे, रात्रीचे मद्य टाळणे हे उपाय सर्वांना ठाऊक आहेत. एक मात्र सहसा कोणी सांगत नाही: दातांची वा कसलीही शस्त्रक्रिया भूल देऊन होणार असेल, तर हा विकार असल्याचे भूलतज्ज्ञाला आधी सांगावे. सीपॅप असल्यास तेही बरोबर न्यावे.

मुलांविषयी दोन शब्द. सात-आठ वर्षांचे मूल तोंड उघडे टाकून झोपते, घोरते, अंथरुणात घामाघूम होते आणि दिवसा पेंगण्याऐवजी अतिशय चळवळे असते, अशी तक्रार असेल तर प्रथम नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे न्यावे. मुलांत बहुधा वाढलेले टॉन्सिल व नाकामागील ॲडेनॉइड वाट अडवितात. टाळू अरुंद असेल तर दात सरळ करणारे दंतवैद्य वरच्या दाढांना पट्ट्या बसवून मधोमध एक स्क्रू ठेवतात. त्या वयात टाळूचा मधला सांधा पक्का जुळलेला नसतो. सांगितलेल्या वेळी आईने घरीच छोट्या किल्लीने तो स्क्रू पाव फेर फिरवायचा. काही आठवड्यांत टाळू रुंदावतो, आणि समोरच्या दोन दातांत तात्पुरती फट दिसू लागते.