क्रोहॉनचा कडा

आयर्लंडच्या पश्चिमेस, मेयो परगण्यांत, अॅकिल नांवाचें बेट आहे. त्याच्या टोकाशीं ६८८ मीटर उंचीचा क्रोहॉन डोंगर अटलांटिक महासागरावर उभा आहे. कीमच्या पुळणीपाशीं मोटारीचा रस्ता संपतो. पुढें काळ्या, ओल्या भूमींतून आणि चरणाऱ्या मेंढ्यांमधून आपली वाट आपणच काढावयाची. एवढ्याशा डोंगरांत अवघड तें काय, असें वाचकांस वाटेल. अवघड हेंच कीं, जमिनीकडील उतार गवताळ व अगदीं भाबडा दिसतो, आणि माथ्याशीं पोहोंचतांच पलीकडची बाजू एकाएकीं नाहींशी होते! उत्तरेस खालीं थेट समुद्र. धुकें दाटलें म्हणजे कडा कोठें आहे हें पाउलास शेवटच्या क्षणापर्यंत कळत नाहीं. म्हणून ढग उतरूं लागले कीं जाणते लोक माथ्याचा हट्ट सोडून मुकाट्यानें परततात. त्यांत कमीपणा मुळींच नाहीं.

चढाच्या आरंभीं, कीमच्या खोऱ्यांत, एका घराचे भग्नावशेष आहेत. तेथें एके काळीं कॅप्टन बॉयकॉट राहत असे. पुढें तो बेट सोडून लॉफ मास्क येथें जमीनदाराचा कारभारी झाला. १८८० सालीं कुळांनीं त्याच्याशीं सर्व व्यवहार तोडले, आणि त्याचें नांव शब्दकोशांत गेलें. १९०५ नंतर आपल्याकडे स्वदेशीच्या जोडीनें गाजलेला ‘बॉयकॉट’ तो हाच. ही चळवळ चालविणाऱ्या भूमिसंघाचा संस्थापक मायकेल डेव्हिट. बेटास मुख्य भूमीशीं जोडणारा पूल १८८७ सालीं प्रथम झाला, त्यास डेव्हिटचें नांव आहे. क्रोहॉनला मोटारीनें जाणाऱ्या प्रत्येकास तो ओलांडावाच लागतो.