डिंकावर टेकलेली अक्षरे : साब मोटारीतील माहितीफलक आणि त्याची घरगुती दुरुस्ती

स्वीडनच्या साब कंपनीने १९९७ मध्ये बाजारात आणलेल्या ९-५ या मोटारीच्या डॅशबोर्डवर, रेडिओच्या वरच्या अंगाला, एक आडवा अरुंद काचफलक बसवलेला असतो. कंपनीच्या परिभाषेत त्याचे नाव ‘साब इन्फर्मेशन डिस्प्ले’, तर मालकांच्या बोलण्यात तो नुसता ‘एसआयडी’. घड्याळ, बाहेरचे तापमान, इंधनाचा सरासरी वापर, टाकीत उरलेल्या इंधनावर आणखी किती अंतर कापता येईल याचा अंदाज आणि एखादा दिवा गेला असल्यास त्याची सूचना, इतका मजकूर हा फलक आलटून पालटून दाखवतो. गाडी काही वर्षे वापरात राहिली की या मजकुरातून एकेक उभी रेघ नाहीशी होऊ लागते; आधी एखादे अक्षर लंगडे होते, मग शब्दाचा अर्थ संदर्भावरून लावावा लागतो आणि शेवटी फलकावर कोळिष्टकासारखे काही ठिपके तेवढे शिल्लक राहतात. हा दोष इतक्या गाड्यांत आणि इतक्या सारख्या रीतीने दिसला की त्याची दुरुस्ती हा एक स्वतंत्र कसबाचा विषय होऊन बसला. विशेष म्हणजे या फलकातील इलेक्ट्रॉनिक भाग सहसा धडधाकट असतात. साथ सोडतो तो डिंक.

कमीत कमी दाखवणे हा साबच्या डॅशबोर्डचा मूळ स्वभाव होता. त्रोल्हेत्तान येथे १९३७ मध्ये ‘स्वेन्स्का एरोप्लान’ या नावाने निघालेली ही कंपनी मुळात विमाने बांधणारी. ‘साब ९२’ ही तिची पहिली मोटार १९४९ च्या अखेरीस उत्पादनात आली, आणि पुढेही विमानाच्या कॉकपिटशी असलेले नाते मिरवण्याची सवय तिने सोडली नाही. त्यातूनच ‘नाइट पॅनल’ची कल्पना निघाली. रात्री एक बटण दाबले की वेगमापक सोडून बाकी सगळी उपकरणे अंधारात जातात, वेगमापकही १४० च्या आकड्यापर्यंतच उजळतो, आणि एखाद्या यंत्रणेत बिघाड झाला तरच तिचे उपकरण आपण होऊन जागे होते. चालकाने विचारल्याशिवाय काही सांगायचे नाही, पण सांगायची वेळ आली की नेमके सांगायचे, असा हा शिष्टाचार; नेमके सांगण्याच्या वेळी फलकच अर्धा मुका असला तर सारा शिष्टाचार व्यर्थ ठरतो. त्यामुळे हा दोष केवळ शोभेचा आहे असे म्हणून तो सोडून देता येत नाही.

फलकाचे काम समजून घेण्यासाठी द्रव स्फटिक म्हणजे काय ते आधी पाहिले पाहिजे. द्रवासारखा वाहणारा, परंतु स्फटिकाप्रमाणे आपले रेणू एका दिशेने लावून ठेवणारा हा पदार्थ प्राग येथील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीडरिख राइनित्सर यांच्या १८८८ मध्ये लक्षात आला. तापवल्यावर तो आधी गढूळ द्रव होई आणि आणखी तापवल्यावर एकदम नितळ. द्रव स्फटिकाला पिळाच्या रचनेत बसवून त्याचा व्यवहार्य दर्शनफलक करण्याची युक्ती मार्टिन शाट आणि व्होल्फगांग हेल्फरिख यांनी बाझल येथील हॉफमन-ला रोश कंपनीत शोधली, आणि तिच्या पेटंटसाठीचा अर्ज डिसेंबर १९७० मध्ये दाखल झाला. काचेच्या दोन तावदानांमधल्या केसाहूनही बारीक फटीत हा द्रव भरलेला असतो आणि त्याचे रेणू एका काचेपासून दुसरीपर्यंत जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे ९० अंशांनी वळत जातात. काचेबाहेर प्रकाशाची कंपने एकाच दिशेत जाऊ देणारे, म्हणजे ध्रुवक, पापुद्रे चिकटवलेले असतात. विद्युत्दाब दिला की पीळ सुटतो आणि त्या जागी उजेड अडतो किंवा मोकळा होतो. हा दाब काचेवर इंडियम टिन ऑक्साइड या पारदर्शक वाहक पदार्थाच्या रेघांतून पोहोचतो. रेघा आडव्या ओळींच्या आणि उभ्या स्तंभांच्या असून जिथे ओळ आणि स्तंभ एकमेकांना छेदतात तिथे एक ठिपका उमटतो. म्हणूनच एका स्तंभाची वाट तुटली की फलकावरची एक पूर्ण उभी रेघ जाते, आणि ओळीची वाट तुटली की आडवी. दोषाचा आकारच दोषाची जागा सांगतो.

आता प्रश्न उरतो तो सर्किटच्या पाटीवरून, म्हणजे तंतुकाच आणि राळ यांच्या तक्त्यावरून, काचेपर्यंत हे डझनावारी संकेत नेण्याचा. साध्या कथलाचा डाग काचेवरच्या त्या पारदर्शक थराला धरत नाही, आणि जोडणारी फीत पॉलिएस्टरची असल्यामुळे डाग देण्याच्या उष्णतेत ती वितळून जाईल. त्यामुळे कारखान्यात उष्णतेने चिकटणारी फीत वापरली जाते. तिच्यावर वाहक शाईच्या समांतर रेघा छापलेल्या असतात आणि टोकांना सुकलेल्या चिकटद्रव्याचा थर असतो. तापलेल्या पट्टीने ती दाबली की चिकटद्रव्य मऊ होऊन बाजूला सरते, शाईची रेघ समोरच्या तांब्याच्या पट्टीला जाऊन भिडते, आणि थंड होताना आकसणारे चिकटद्रव्य त्या दोघींना घट्ट धरून ठेवते. शिंपी शर्टाच्या कॉलरला बक्रम चिकटवतो ती रीत याहून फार निराळी नाही, आणि पुष्कळ धुण्यांनंतर त्या कॉलरला फुगे येतात तसेच इथेही होते. वीज डिंकातून जात नाही. डिंक फक्त दोन हात एकमेकांत धरून ठेवतो.

उन्हात उभ्या राहिलेल्या मोटारीचा डॅशबोर्ड ७० अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ शकतो, तर स्कँडिनेव्हियाच्या हिवाळ्यात तोच गोठणबिंदूच्या बराच खाली उतरतो. पॉलिएस्टर, तंतुकाच आणि काच यांचे प्रसरण सारखे नसल्यामुळे प्रत्येक तापण्या-निवण्याबरोबर जोडावर ताण येतो. वर्षानुवर्षे हे चालले की चिकटद्रव्य थकते आणि फीत पाटीवरून अगदी थोडी, डोळ्याला न दिसण्याइतकी, सुटते. एखाद्या दिवशी गायब झालेल्या रेघा गाडीतली हवा बदलली की परत येतात, किंवा फलकाच्या चौकटीवर अंगठा दाबला की क्षणभर उमटतात, याचे कारण हेच. जुन्या कॅलक्युलेटरमध्ये आठाचा सहा होतो आणि काचेच्या कडेला दाबल्यावर पुन्हा आठ होतो, तो अनुभव पुष्कळांना असेल. अनेकदा तो याच जातीच्या फितीचा खेळ असतो. याउलट सगळाच फलक एकाच वेळी काळा पडला असेल तर फितीला दोष देण्यापूर्वी फ्यूज, वीजपुरवठा आणि मागचा प्रकाश तपासावा.

अधिकृत मार्गाने पाहिले तर फीत हा सुटा भागच नव्हता. सुटा भाग म्हणजे अख्खा एसआयडी. मोडीत निघालेल्या गाडीतला फलक आणून बसवावा तर त्याच्याजवळ आधीच्या गाडीची ओळख असते. ती सोडवून नव्या गाडीशी त्याचा परिचय करून देण्यासाठी ‘टेक-२’ हे जनरल मोटर्सच्या गाड्यांचे हातात धरायचे निदानयंत्र लागते. शिवाय दुसऱ्या गाडीतून आलेल्या फलकाची फीतही तितकीच म्हातारी असते, ही गोष्ट विकत घेणाऱ्याच्या लक्षात उशिरा येते. जनरल मोटर्सने १९९० मध्ये निम्मी आणि २००० मध्ये पूर्ण ताब्यात घेतलेली साब २०१० मध्ये स्पायकर या डच कंपनीकडे गेली आणि १९ डिसेंबर २०११ रोजी तिने दिवाळखोरी जाहीर केली. सुट्या भागांचा व्यवसाय ‘ओरिओ’ या नावाने पुढे चालू राहिला, पण गाडी बनवणारा कारखानाच पाठीशी नसल्याने मालकांना स्वतःच्या हाताने दुरुस्ती करण्यावाचून गत्यंतर उरले नाही, आणि नुसती फीत विकणारे छोटे व्यापारी उभे राहिले.

हा दोष साबपुरता नाही. बीएमडब्ल्यूच्या ई-३९ पिढीतील ५ सीरिज गाड्यांच्या (१९९५ ते २००३) वेगमापकाखालच्या फलकात अशीच फीत आणि असाच आजार आढळतो; तिथे मात्र एक गुंतागुंत जास्त आहे. त्या गाडीत एकूण धावेचा आकडा उपकरणसंचात आणि दिव्यांचे नियंत्रण करणाऱ्या घटकात असा दोन ठिकाणी नोंदलेला असतो, आणि दोहोंत तफावत पडली की आकड्याशेजारी एक ठिपका पेटून छेडछाडीचा संशय जाहीर करतो. अमेरिकेत तर कायदाच असा आहे की दुरुस्तीनंतर धावेचा मूळ आकडा राखता येत नसेल तर मापक शून्यावर आणावा आणि डाव्या दाराच्या चौकटीवर तशी लेखी सूचना लावावी. जुना संच फेकून दुसरा आणण्यापेक्षा त्याच संचाची फीत बदलणे म्हणूनच केवळ स्वस्त नसते, तर गाडीचा इतिहासही त्यामुळे अबाधित राहतो. साबच्या एसआयडीत हा प्रश्न उद्भवत नाही, कारण धावेचा आकडा मुख्य उपकरणसंचात असतो.

रुळलेले घरगुती उपाय दोन. पहिला पाचर मारण्याचा : फितीच्या जोडावर रबराचा किंवा फोमचा तुकडा ठेवून आवरण पुन्हा बंद करायचे, म्हणजे आवरणाच्याच दाबाने फीत पाटीला टेकून राहते. दुसरा, जुनीच फीत तापवून पुन्हा दाबण्याचा. दोन्ही उपायांना तुच्छ लेखू नये, कारण निदान बरोबर आहे की नाही हे ते दहा मिनिटांत सांगतात. परंतु थकलेल्या चिकटद्रव्यात नवा जीव येत नाही आणि फोमही कालांतराने चेपतो, म्हणून पुढच्या ऋतूत रेघा पुन्हा पुसू लागतात.

टिकाऊ दुरुस्ती नव्या फितीनेच होते, आणि तिच्यात कौशल्यापेक्षा धीर अधिक लागतो. बॅटरीची तार सोडवून रेडिओ बाहेर काढला की त्या पोकळीतून हात घालून एसआयडी मागून पुढे ढकलता येतो. आवरण उघडणे अवघड नाही. खरे काम जुनी फीत उचलण्यापासून सुरू होते. गरम हवेचा हलका झोत देत ती कोपऱ्यापासून सावकाश सोलावी लागते. उरलेला डिंक आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाने पुन्हा पुन्हा पुसावा लागतो, आणि इथे ब्लेड वापरण्याचा मोह आवरलाच पाहिजे : पाटीवरचे तांबे एखादा ओरखडा सोसते, पण काचेच्या कडेवरचा पारदर्शक थर एकदा खरवडला गेला की ती रेघ कायमची गेली. नवी फीत भिंगाखाली जुळवताना एका रेघेची चूक झाली तर सगळाच मजकूर शेजारच्या स्तंभात सरकतो. म्हणून दोन्ही टोकांच्या रेघा आधी जुळवून चिकटपट्टीने फीत स्थिर करतात.

त्यानंतरची इस्त्री हा या कामाचा गाभा. टी आकाराचे रुंद टोक बसवलेले, तापमान ठरवता येणारे सोल्डरिंग आयर्न आणि फीत यांच्यामध्ये सिलिकॉन रबराची पातळ पट्टी ठेवतात, म्हणजे दाब सर्वत्र सारखा पडतो आणि पॉलिएस्टर जळत नाही. डिंकाला साधारण १५० अंशांच्या आसपासची, फितीच्या जातीप्रमाणे कमीअधिक, उष्णता मिळावी लागते. रबर बरीच उष्णता अडवत असल्याने टोकाचे तापमान त्याहून वर ठेवावे लागते, आणि ते किती हे आधी टाकाऊ फितीच्या तुकड्यावर ठरवलेले बरे. काही सेकंद दाबावे, टोक उचलावे, मात्र रबर थंड होईपर्यंत बोटाने धरून ठेवावे. नवशिके फसतात ते येथेच, कारण जोड पक्का होतो तो तापताना नव्हे, निवताना. काच फार तापली तर तिच्या कडेचा भाग अचानक काळवंडतो. राइनित्सर यांना दिसलेला गढूळ ते नितळ असा बदलच तिथे होत असतो, आणि निवल्यावर तो डाग सहसा निघून जातो. ध्रुवक पापुद्रा मात्र एकदा भाजला की पूर्ववत होत नाही.

तोफेच्या गोळ्याने माशी मारू नये, तसा इथे मोठा सोल्डरिंगचा सरंजाम मांडू नये. तो लागतो काट्यांच्या आजारात. अनेक अमेरिकी गाड्यांच्या मापकांत काटा फिरवणारी एक्स-२७ जातीची छोटी मोटर असते, तिला चार पाय असतात आणि ती ३१५ अंशांपर्यंत फिरते. ती बिघडली की चारही डाग काढून नवी बसवायची, आणि काटा उपटण्याआधी त्याची जागा खूण करून ठेवायची, नाहीतर वेगाचा आकडा खोटा पडतो. काटा चुकला तर चालकाला कळतही नाही. अक्षर पुसले तर निदान दिसते तरी.

आवरण मिटण्याआधी फलक गाडीच्या तारांना जोडून सर्व रेघा उमटतात का ते पाहावे, आणि शक्य असल्यास एक थंड रात्र आणि एक उन्हाची दुपार त्याला तसाच उघडा ठेवावा, कारण खोलीच्या तापमानाला शाबूत दिसणारा जोड त्या दोन वेळी उघडा पडतो. बॅटरी पुन्हा जोडल्यावर एसआयडीवरचे घड्याळ नव्याने लावावे लागते. मिनिटांचा आकडा एकेक करून पुढे सरकवताना प्रत्येक अंकाची प्रत्येक उभी रेघ आपोआपच तपासून होते.