पाळणा लांबवायचा, पण रक्त न गमावता

भातकापणी आणि झोडणी संपली, दिवाळी उरकली की डहाणू आणि तलासरी तालुक्यांतील अनेक पाड्यांवर घरांना कुलपे लागतात. कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर, गुजरातच्या दिशेने कामाला जातात. परततात ती पावसाच्या तोंडावर. या सहा-सात महिन्यांत बाईला दिवस गेले, तर तपासणी, लोहाच्या गोळ्या आणि बाळंतपण सगळेच अडचणीत येते. म्हणून दोन बाळांत अंतर ठेवण्याचा प्रश्न इथे फक्त कुटुंबाच्या आकाराचा नाही, बाईच्या जिवाचा आहे.

अशा वेळी आरोग्य केंद्रात पहिला सल्ला मिळतो तो तांबीचा. एकदा बसवली की पाच किंवा दहा वर्षांची निश्चिंती, खर्च शून्य. पण पाड्यावर तांबीबद्दल एक तक्रार हमखास ऐकू येते, ‘तांबी बसवली की अंगावरून जास्त जातं.’ ही तक्रार अनेकदा गैरसमज म्हणून उडवून लावली जाते. वैद्यकशास्त्र मात्र तिला दुजोरा देते.

रक्ताचा हिशेब

निरोगी बाईचे एका पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते. तांब्याच्या तांबीमुळे, विशेषतः पहिल्या काही महिन्यांत, हे प्रमाण दीडपटीपर्यंत वाढू शकते. एक मिलिलिटर निरोगी रक्तात सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह असते. म्हणजे पाळीमागे २० मिलिलिटर रक्त जास्त गेले, तर महिन्याला १० आणि वर्षाला सुमारे १२० मिलिग्रॅम लोह जादा जाते. भात-नागलीच्या जेवणातून शरीर दिवसाला जेमतेम एक-दीड मिलिग्रॅम लोह शोषून घेते. म्हणजे साधारण तीन महिन्यांची कमाई या जादा रक्तस्रावात वाहून जाते. आधीच रक्त कमी असेल तर त्यात लोहही कमी असते, त्यामुळे हा आकडा थोडा खाली येईल. पण अशा बाईला तेवढाही तोटा परवडणारा नसतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. आदिवासी भागांत चित्र याहून बिकट असते. त्यात डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात सिकलसेलची भर पडते. या आजारात लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, लवकर फुटतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. सिकलसेल असलेल्या बाईसाठी प्रत्येक गर्भारपण जोखमीचे असते. वेदनेचे झटके वाढतात, रक्त झपाट्याने उतरते, रक्तदाब वाढतो, बाळाचे वजन कमी भरते. तिला खात्रीचे गर्भनिरोधक हवे, आणि ते रक्त न घालवणारे हवे.

तांबे नसलेली ‘तांबी’

अशा बाईसाठी एक साधन आहे. इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची, तांबीसारखीच दिसणारी, गर्भाशयातच बसणारी. तिला ‘हार्मोनची तांबी’ म्हणतात, पण तिच्यात तांबे नसतेच. तिच्या उभ्या दांड्यात लिव्होनॉरजेस्ट्रेल या संप्रेरकाचा ५२ मिलिग्रॅम साठा असतो. सुरुवातीला त्यातून रोज सुमारे २० मायक्रोग्रॅम औषध गर्भाशयातच झिरपते आणि पुढे हळूहळू कमी होत जाते. रक्तात फार थोडे उतरते.

हे औषध दोन कामे करते. गर्भाशयाच्या मुखावरचा स्राव घट्ट होतो, त्यामुळे शुक्राणू आत जाऊ शकत नाहीत. आणि गर्भाशयाचे आतले अस्तर पातळ राहते. पाळीत बाहेर पडते ते हेच अस्तर आणि त्याबरोबरचे रक्त. अस्तरच पातळ राहिले की रक्तही कमी जाते. ज्यांना पाळीत फार रक्त जाते, अशा स्त्रियांत काही महिन्यांत हे प्रमाण ८० ते ९० टक्क्यांनी घटते. वर्षभरात पाचांपैकी एखादीची पाळी पूर्ण थांबते. साधन काढले की पाळी परत येते आणि दिवसही राहू शकतात. वर्षभरात गर्भधारणा होण्याचे प्रमाण हजारात दोनच्या आसपास, म्हणजे नसबंदीच्या तोडीचे.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत रक्तक्षय आणि सिकलसेल या दोन्ही स्थितींत या साधनाला पहिली श्रेणी, म्हणजे ‘कोणतेही बंधन नाही’, अशी आहे. तांब्याच्या तांबीला दुसरी श्रेणी आहे. याचा अर्थ तांबी वर्ज्य नाही. फायदे बहुधा जास्तच आहेत, फक्त हिमोग्लोबिनवर लक्ष हवे. २०१५ मध्ये संघटनेने हे साधन अत्यावश्यक औषधांच्या यादीतही घेतले. फार रक्त जाते म्हणून पिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियेपर्यंत जाणाऱ्या अनेक स्त्रियांनाही हा आधीचा पर्याय ठरू शकतो.

मग पाड्यावर का नाही?

हे साधन नवे नाही. फिनलंडमध्ये ते १९९० मध्ये बाजारात आले. त्याआधीच भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने त्याची तांब्याच्या तीन साधनांशी तुलना करणारी ३६ महिन्यांची चाचणी केली होती. तिचे निष्कर्ष १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्याकडे आज ते खासगी दवाखान्यांत मिळते, देशात तयारही होते. पण सरकारी कार्यक्रमात मोफत मिळणाऱ्या साधनांत ते नाही. तिथे निरोध, माला-एन, छाया गोळी, अंतरा इंजेक्शन आणि तांब्याची तांबी आहे. खासगीत हार्मोनच्या साधनाला काही हजार रुपये मोजावे लागतात. वीटभट्टीवर उचल घेऊन जाणाऱ्या कुटुंबाला ते शक्य नाही. ज्या बाईला त्याची सर्वांत जास्त गरज, तिच्यापासूनच ते सर्वांत लांब आहे.

पैशाइतकाच दुसरा अडसर समजावून सांगण्याचा आहे. भारतातील त्या जुन्या चाचणीतही हे साधन सोडून देण्यामागे पाळीतले बदल हे महत्त्वाचे कारण होते. पहिले तीन ते सहा महिने थेंब थेंब रक्त अवेळी जाते. मग पाळी तुटपुंजी होते किंवा येतच नाही. आधी सांगितले नसेल तर बाई घाबरते. दिवस गेले असतील, घाण रक्त पोटात साठत असेल, अशा शंका येतात. खरे तर पोटात काही साठत नाही. अस्तरच तयार होत नाही, म्हणून बाहेर पडायला काही नसते. हे वाक्य बाईला तिच्या बोलीत, साधन बसवण्याआधी आणि नंतरही सांगावे लागते. ते काम पाड्यावरची आशाताईच करू शकते.

काढण्याचाही हक्क

एकदा बसवले की वर्षानुवर्षे टिकते, ही या साधनाची ताकद आहे, तशीच तीच भीतीही आहे. देशात आजही कुटुंबनियोजनाचा भार स्त्री-नसबंदीवर आहे. त्याच सर्वेक्षणानुसार विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के नसबंदीवर, तर गर्भाशयात बसवायच्या साधनांवर जेमतेम २.१ टक्के आहेत. १९७६ मध्ये याच राज्याच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. ते कायदा झाले नाही, पण लोकांच्या मनातील धास्ती सहज जात नाही. त्यामुळे बसवणाऱ्या केंद्राने काढण्याचीही हमी द्यायला हवी, कारण न विचारता. आणि स्थलांतर करणाऱ्या बाईला भट्टीजवळच्या केंद्रातही ती मिळायला हवी.

साधन कोणी बसवू नये, हेही माहीत हवे. गर्भ असण्याची शक्यता, ओटीपोटात जंतुसंसर्ग, कारण न कळलेला रक्तस्राव, स्तनाचा कर्करोग, यकृताचा गंभीर आजार, गर्भाशयाच्या आकारात मोठा बिघाड असेल तर ते टाळतात. काहींना डोकेदुखी, स्तन दुखणे, मुरुमे असे त्रास होतात. शंभरात काही जणींचे साधन आपोआप बाहेर येते. गर्भाशयाला भोक पडण्याचा धोका हजारात एकाच्या आसपास आहे. गुप्तरोग आणि एचआयव्हीपासून ते वाचवत नाही, त्यासाठी निरोधच लागतो.

तोपर्यंत काय?

हे साधन सरकारी केंद्रात येईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. तांबी बसवण्याआधी हिमोग्लोबिन आणि सिकलसेलची तपासणी करून घ्यावी. बसवल्यावर लोहाच्या गोळ्या घ्याव्यात. सिकलसेलच्या रुग्णाने मात्र त्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. तिच्यासाठी मोफत मिळणाऱ्या साधनांपैकी अंतरा विचारात घेता येते, कारण जागतिक निकषांत त्यालाही पहिली श्रेणी आहे. ते दर तीन महिन्यांनी घ्यायचे असते, उशीर झाला तरी चार आठवड्यांपर्यंत चालते. कामाला निघताना अंतराचे कार्ड बरोबर ठेवावे. माला-एनमध्ये इस्ट्रोजेन असते, ते रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढवते. म्हणून सिकलसेलच्या रुग्णाने ती डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये. फक्त वाहक असलेल्या बाईला ही बंधने नाहीत.

मुंबईच्या परळ येथील राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेचे ग्रामीण संशोधन केंद्र डहाणूतच आहे. रक्तक्षय आणि सिकलसेल असलेल्या स्त्रियांना हे साधन सरकारी रुग्णालयातून मोफत दिले तर किती जणी ते ठेवतात, त्यांचे हिमोग्लोबिन किती सुधारते, हे तपासायला याहून योग्य जागा कोणती? ‘अंगावरून जास्त जातं’ ही पाड्यावरच्या बाईची तक्रार खरी आहे. तिचे उत्तर शास्त्राकडे तीस वर्षांहून अधिक काळ आहे. ते आता आरोग्य केंद्राच्या कपाटात यायला हवे.