काम शून्य, दमणूक मात्र पुरेपूर!

घाटकोपर-बोरिवलीच्या नाक्यांवर दहीहंडीचे थर तुम्ही पाहिले असतीलच. आपली नजर असते वर, हंडीकडे. पुढच्या वेळी जरा तळाच्या थराकडे पाहा. खांद्यांवर माणसे पेलणारे हे गडी जागचे हलतसुद्धा नाहीत. पण थोड्याच वेळात त्यांच्या मांड्या थरथरू लागतात. जोगेश्वरीच्या ‘जय जवान’ पथकाने २०१२ साली ठाण्यात नऊ थर लावून १३.३४ मीटर उंचीचा विश्वविक्रम केला. तो सारा डोलारा अशाच मांड्यांवर उभा होता!

आता पदार्थविज्ञानातली व्याख्या आठवा. कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन. येथे विस्थापन शून्य, म्हणजे कार्यही शून्य. मग गोविंदा दमतो कशाने? इमारतीचा खांब तर वर्षानुवर्षे भार पेलूनही दमत नाही.

गोम आहे ती स्नायूच्या रचनेत. स्नायूच्या तंतूंत मायोसिन व ॲक्टिन या प्रथिनांचे सूक्ष्म धागे असतात. मायोसिनची टोके ॲक्टिनला पकडतात, ओढतात, सोडतात आणि पुन्हा पकडतात. बाहेरून स्नायू स्थिर दिसला, तरी आत ही रस्सीखेच अखंड चालू असते. प्रत्येक खेपेला एटीपी या इंधनाचा एक रेणू खर्ची पडतो आणि त्याची ऊर्जा शेवटी उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते.

एटीपीची शिल्लक जेमतेम काही सेकंदांची. क्रिएटिन फॉस्फेट तिच्यात भर घालते, पण तेही जोराच्या कामात दहाएक सेकंदांत बरेचसे संपते. पुढे ग्लायकोजेन वापरावे लागते. आणि इथेच घोटाळा होतो! जोराने आवळलेला स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबून धरतो. प्राणवायू आत येत नाही, टाकाऊ द्रव्ये बाहेर जात नाहीत. साठलेल्या फॉस्फेटमुळे मायोसिनची ओढ दुबळी होते. तंतूंना आकुंचनाचा इशारा देणारे कॅल्शियमही कमी सुटते. चालताना स्नायू दर पावलाला सैल पडतो, रक्त वाहते. स्थिर उभ्या गोविंदाला ती सवलत नाही. पाण्याची एक लिटरची बाटली हात आडवा ताठ धरून पेला आणि घड्याळ पाहा. मग तीच बाटली कोपरातून हात वाकवून वरखाली करून पाहा. फरक लगेच कळेल.

लॅक्टिक आम्लाला मात्र उगाच बदनाम केले गेले आहे. हृदय तर लॅक्टेट इंधन म्हणून वापरते, यकृत त्यापासून ग्लुकोज बनवते आणि तासाभरात त्याचे रक्तातले प्रमाण पूर्ववत होते. तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या ठणक्याचा दोष त्याच्याकडे कसा जाईल? तो ठणका तंतूंना झालेल्या बारीक इजांचा. भार पेलत असतानाच स्नायू ताणला गेला, म्हणजे अशा इजा अधिक होतात. गड चढण्यापेक्षा उतरल्यावर मांड्या जास्त दुखतात, त्या यामुळेच.

थर उतरले की रक्त पुन्हा धावू लागते. घाटकोपरहून ठाण्याच्या हंडीकडे निघालेल्या पथकाचे क्रिएटिन फॉस्फेट वाटेतच भरून निघते. त्याला काही मिनिटे पुरतात. ग्लायकोजेनचे तसे नाही. दिवसभर नाक्यानाक्यावर थर लावून रिकामे झालेले ते कोठार भरायला पोटभर भात-चपाती आणि साधारण एक अख्खा दिवस लागतो.