फोहोबोदॉ: जागा बदललेला आघात

टेबलावर बोटानं चार सारख्या टिचक्या मारा. एक, दोन, तीन, चार. आता तिसरी टिचकी गाळा, पण तिची जागा तशीच मोकळी ठेवा. एक, दोन, गप्प, चार. पुन्हा एक, दोन, गप्प, चार. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांना बोट अडखळेल. मग कुणी न सांगता खांदा हलू लागेल. कवायतीचा नाच व्हायला एवढंच पुरतं! ब्राझीलचे वादक या आकृतीला ‘गार्फिन्यु’ म्हणतात, म्हणजे जेवणाच्या ताटाशी ठेवतात तो छोटा काटा. स्वरलिपीत ती दिसतेही तशीच.

या ठेक्याच्या घराण्यातलं एक नाटक ११ जून १९१२ला रिओ दि जानेरोच्या साओ जोझे नाट्यगृहात रंगमंचावर आलं. नाव ‘फोहोबोदॉ’. आपल्याकडे या शब्दाला जवळचा शब्द ‘धांगडधिंगा’. गरिबांच्या वस्तीतला आरडाओरड्याचा नाच, त्यातून उठणारा कल्लोळ, असं सगळंच त्या एका शब्दात येतं. प्रकार ‘बुर्लेता’चा, म्हणजे प्रहसन आणि संगीतिका यांच्या मिश्रणातून झालेलं तीन अंकी हलकंफुलकं नाटक. त्याचे पुढे सुमारे दीड हजार प्रयोग झाले.

हा आकडा वाचून मी थक्क झालो, आणि तो कसा शक्य झाला हे कळल्यावर आणखी थक्क झालो. त्या काळी सिनेमा नाटकाचा प्रेक्षक पळवू लागला होता. साओ जोझेचे चालक पास्कोआल सेग्रेतो यांनी सिनेमाचीच युक्ती उचलली. तिकीट स्वस्त, नाटक आटोपशीर आणि एका रात्रीत तीन खेळ. कारखान्यातला कामगार, दुकानातला नोकर, शिवणकाम करणारी बाई, सगळ्यांना नाट्यगृहाचं दार उघडं झालं. त्यांनी आत येऊन जे पाहिलं ते त्यांचंच होतं.

कथा साधी आहे. सिदाजी नोव्हा म्हणजे ‘नवं शहर’. नाव मोठं, पण वस्ती कष्टकऱ्यांची, बरीचशी कृष्णवर्णीय आणि मिश्रवंशीय. तिथलं एक नृत्यमंडळ रात्री नाचाचा कार्यक्रम करतं. रात्रीचा पहारेकरी आहे, सगळ्यांच्या नजरा जिच्यावर खिळतात ती झेफेरिना आहे, फ्रेंच तोऱ्यात मिरवणारी मादाम पती-प्वा आहे. ‘पती-प्वा’ म्हणजे मटार! नाच, प्रेम, रुसवे, भांडणं, आणि मोठे मोठे शब्द चुकीच्या जागी ठोकून दिलेली भाषणं.

यात नवल कसलं, हे कळायला तेव्हाचं रिओ डोळ्यांपुढे आणावं लागतं. काही वर्षांपूर्वीच शहराच्या मध्यभागातल्या दाटीच्या चाळी पाडून पॅरिसच्या धर्तीचा रुंद हमरस्ता काढला होता. त्यावर १९०९ मध्ये पॅरिसच्या ऑपेरागृहाचा नमुना समोर ठेवून भव्य म्युनिसिपल नाट्यगृह उभं राहिलं. शहराला युरोप व्हायचं होतं. रंगमंचावर तर पोर्तुगालमधल्या लिस्बनच्या वळणाचे उच्चार हेच शिष्ट मानले जात. लिस्बनची पोर्तुगीज आघात नसलेले स्वर गिळून टाकते, रिओची ते मोकळे सोडते. भाषा एक, पण कानाला दोन वेगळी गावं. प्रेक्षक घरी एका उच्चारात बोलायचा आणि नाट्यगृहात दुसरा ऐकायचा.

‘फोहोबोदॉ’ लिहिणारे लुईस पेशोतु आणि कार्लोस बेतेनकूर तरुण होते. पेशोतु जेमतेम बाविशी-तेविशीतला, व्यंगचित्रकाराच्या नजरेचा. त्यांनी पात्रांच्या तोंडी गल्लीतली बोली जशीच्या तशी घातली. आणि संगीतासाठी ते ज्या व्यक्तीकडे गेले ती होती चौसष्ट वर्षांची शिकिन्या गोंझागा.

शिकिन्याचा जन्म १८४७चा. वडील लष्करातले, आई गुलाम स्त्रीच्या पोटी जन्मलेली. सोळाव्या वर्षी लग्न झालं, पण पियानो सोडवेना. तिनं नवऱ्याचं घर सोडलं आणि पियानो शिकवून, वाजवून पोट भरलं. १८८५ मध्ये तिची पहिली संगीतिका रंगमंचावर आली तेव्हा वर्तमानपत्रं अडखळली. ‘माएस्त्रो’ या शब्दाचं स्त्रीलिंगी रूप लिहायची वेळ त्यांच्यावर तोवर आलीच नव्हती! गुलामगिरीविरुद्धच्या लढ्यात ती उतरली होती. स्वतःच्या रचनांच्या छापील प्रती विकून तिनं एका गुलाम वादकाची सुटका विकत घेतली. १८९९ मध्ये तिनं कार्निव्हलसाठी रचलेलं ‘ओ आब्री आलास’ हे खास त्या सणासाठी लिहिलेलं पहिलं गीत मानतात, आणि ते आजही रस्त्यावर गायलं जातं.

तिला सिदाजी नोव्हाचं संगीत कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिथल्या नाचाचं नाव माशिशी. युरोपातून आलेला पोल्का, क्यूबाचा हबानेरा आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांचा लुंडू यांच्या संगतीत तो घडला. पोल्काचे दोन सरळ ठोके तेच राहिले. फक्त आतला आघात थोडा सरकला, नेमकं आपण टेबलावर केलं तसं. अंगाला अंग लावून होणारा हा नाच शिष्टांना इतका असभ्य वाटे, की छापील प्रतींवर त्याला अनेकदा ‘टँगो’ म्हणत. १९१४ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादात त्यांच्या पत्नी नाइर दे तेफे यांनी शिकिन्याची ‘कोर्ता-जाका’ ही याच ठेक्याची रचना गिटारवर वाजवली, तर सिनेटर रुई बार्बोझा यांनी सिनेटमध्ये त्याचा कडाडून निषेध केला. एका ठेक्यानं संसद हादरली!

मराठीत ‘आघात’ हा शब्द उच्चारालाही लागतो आणि ठेक्यालाही. मला या नाटकाचं सगळं मर्म या एका शब्दात सापडतं. पेशोतु-बेतेनकूर यांनी वाक्यातला आघात लिस्बनहून रिओला आणला, शिकिन्यानं ठेक्यातला. दोन्ही बदल कागदावर दिसतील न दिसतील इतके बारीक. पण लोकांना आपला आवाज ओळखायला तेवढे पुरले.

त्या ओळखीला मोलही असतं, हे शिकिन्या जाणून होती. आपल्या कामाचे पैसे भलतेच लोक खातात हे पाहून ती लेखकांच्या आणि संगीतकारांच्या हक्कांसाठी भांडली, आणि १९१७ मध्ये ब्राझीलच्या नाट्यलेखकांची संस्था स्थापणाऱ्यांत ती होती. ‘फोहोबोदॉ’तलं एक गाणं मात्र तिच्या हातून निसटून एकटंच हिंडू लागलं. नाटकात ते झेफेरिनाला उद्देशून गायलेलं गमतीचं प्रेमगीत होतं. पुढे गमतीचे शब्द गळाले, नवे हळवे शब्द चढले, आणि ‘लुआ ब्रांका’, म्हणजे ‘शुभ्र चंद्र’, या नावानं ते देशभर पसरलं. त्यावर शिकिन्याचं नाव नव्हतं. म्हातारपणी तिला पुढे येऊन सांगावं लागलं की ही चाल माझी आहे.

१९३५ मध्ये, कार्निव्हल तोंडावर आलेला असताना, ती गेली. तिचा जन्मदिवस, १७ ऑक्टोबर, आता ब्राझीलचा राष्ट्रीय लोकप्रिय संगीत दिन आहे. ‘लुआ ब्रांका’ आजही गातात, तिचं नाव घेऊन. ऐकताना ते इतकं उदास, इतकं चांदण्यातलं वाटतं, की सिदाजी नोव्हाच्या त्या धांगडधिंग्यात ते जन्मलं यावर क्षणभर विश्वास बसत नाही.