पोचा पडलेल्या लॅपटॉपला नवी बॅटरी मिळते का?

नारायणगाव, मंचर किंवा ओतूरहून लॅपटॉप घेऊन पुण्याच्या सेवा केंद्रात जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो. त्यामुळे कोपरा चेपलेला असताना कंपनी बॅटरी बदलून देईल का, हे निघण्याआधीच कळलेलं बरं.

काय अडतं, काय नाही

झाकणावरच्या ओरखड्यांमुळे किंवा किरकोळ पोच्यामुळे बॅटरीचं काम सहसा अडत नाही. लॅपटॉप उघडून नवी बॅटरी नीट बसवता येईल का, एवढंच तंत्रज्ञ बघतो. तळ वाकला असेल, स्क्रूची जागा तुटली असेल किंवा आत पाणी गेलं असेल, तर आधी ती दुरुस्ती करावी लागते आणि तिचा खर्च आपल्याच माथी येतो.

२०१९ची गोष्ट

सप्टेंबर २०१५ ते फेब्रुवारी २०१७ या काळात प्रामुख्याने विकलेल्या काही १५ इंची मॅकबुक प्रोंच्या बॅटऱ्या तापून आग लागण्याचा धोका होता. म्हणून ॲपलने जून २०१९मध्ये त्या फुकट बदलून द्यायचं जाहीर केलं. ऑगस्टमध्ये आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानेही असे लॅपटॉप विमानात नेऊ नका, असं प्रवाशांना सांगितलं. दोष उघडउघड कंपनीचा; तरीही बॅटरी बदलण्याच्या आड येणारं नुकसान आधी दुरुस्त करावं लागेल, त्याचे पैसेही पडू शकतात, ही अट होतीच. त्या मॉडेलची बॅटरी कीबोर्डच्या कवचाला आतून चिकटवलेली असते. तेव्हा पोचा केवढा यापेक्षा तो कुठे, हे महत्त्वाचं.

बॅटरी फुगली असेल तर

टचपॅड वर उचलला गेला, झाकण बसेना, की घरचे म्हणतात, ‘पाडलास ना?’ पुष्कळदा तसं नसतं. आतल्या रसायनांचं विघटन होऊन वायू साठतो आणि बॅटरी फुगते. बाहेर माराची खूण नसेल, तर हे वापरणाऱ्याने केलेलं नुकसान नव्हे, असं काउंटरवर ठामपणे सांगा. मात्र चार्जिंग लगेच बंद करा, बॅटरी दाबू किंवा टोचू नका. असा लॅपटॉप एसटीच्या गर्दीत बॅगांखाली दाबून नेणं तर नकोच. न्यायचा कसा, ते केंद्राला आधी फोनवर विचारा.

निघण्यापूर्वी

बिल सोबत घ्या, चारही बाजूंचे फोटो काढा. गावातल्या दुकानात लॅपटॉप उघडला असेल तर लपवू नका. तंत्रज्ञाला ते कळतंच. वॉरंटीत बॅटरीची मुदत वेगळी, बहुधा एकच वर्षाची असते, तीही पाहा. नकार मिळाला तर कारण जॉबशीटवर लिहून मागा. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करताना तोच कागद उपयोगी पडतो.