टेबल कुणासाठी मांडायचे?

कबूल केल्याप्रमाणे आज व्हिएतनामच्या शांतता करारावरच्या, जानेवारी १९७३ मधल्या सह्यांकडे वळायचे होते. पण एका वाचकाचे पत्र आले आणि तो बेत मागे पडला. ते विचारतात, रोज माणसे मरत असताना व्हिएतनाम युद्धावरच्या वाटाघाटींसाठी पॅरिसमध्ये जमलेली मंडळी टेबलाच्या आकारावर आठवडेच्या आठवडे कशी काय भांडत बसली? पत्राचा सूर वैतागाचा आहे. त्या काळच्या वर्तमानपत्रांचाही तोच होता, आणि त्यात गैर काही नाही. एकट्या १९६८ सालात सोळा हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक मारले गेले होते. व्हिएतनामी मृतांचा आकडा त्याच्या कितीतरी पट होता.

तरीही हे भांडण पोरकट नव्हते. न्गुयेन थी बिन्ह यांचे पॅरिसमधले सगळे काम समजून घ्यायचे तर सुरुवात या टेबलापासूनच करावी लागते.

४ नोव्हेंबर १९६८ रोजी बाई पॅरिसला उतरल्या, त्या दक्षिण व्हिएतनामच्या राष्ट्रीय मुक्ती आघाडीच्या प्रतिनिधी म्हणून. वय एक्केचाळीस. तुरुंगवास भोगून आलेल्या या शिक्षिकेभोवती छायाचित्रकारांची झुंबड उडाली. पण त्या नेमक्या कोण, यावर वाटाघाटींतल्या चारही पक्षांचे (अमेरिका, सायगावचे दक्षिण व्हिएतनाम सरकार, हनोईचे उत्तर व्हिएतनाम सरकार आणि ही आघाडी) एकमत नव्हते. हनोईच्या मते आघाडी हा स्वतंत्र पक्ष होता, सायगाव सरकारच्या बरोबरीचा. सायगावचे अध्यक्ष थिएउ यांच्या लेखी आघाडी म्हणजे हनोईचे बाहुले. तिला वेगळी खुर्ची दिली की दक्षिणेत दोन सत्ता आहेत, हे आपणच मान्य केल्यासारखे होईल, अशी त्यांची धास्ती होती. बाई येण्याच्या दोनच दिवस आधी त्यांनी जाहीर करून टाकले होते की सायगाव या वाटाघाटींना येणार नाही. त्यांचे शिष्टमंडळ पॅरिसला पोचायला डिसेंबर उजाडला.

आता टेबल. हनोईला चार बाजू हव्या होत्या, म्हणजे पक्षही चार. अमेरिका आणि सायगावला समोरासमोर दोनच बाजू हव्या होत्या. अमेरिकेने त्यासाठी 'आमची बाजू, तुमची बाजू' असे सूत्र काढले होते, त्या बाजूला किती जण बसतात हे ज्याचे त्याने पाहावे. चौकोनी, समोरासमोर ठेवलेली, अर्धगोल, अशा नाना आकृत्या कागदावर उतरल्या आणि फेटाळल्या गेल्या. पंगतीत पाट मांडला की पाहुणा मान्य झाला, हे ज्याने लग्नघरातले मानपान पाहिले आहेत त्याला वेगळे सांगायला नको.

तोडगा निघाला १६ जानेवारी १९६९ रोजी. मधोमध एक मोठे गोल टेबल. त्यावर झेंडा नाही, नावाची पाटी नाही, कसलीही खूण नाही. त्याच्या दोन बाजूंना, समोरासमोर, दोन लहान आयताकृती टेबले, गोल टेबलापासून सुमारे ४५ सेंटीमीटर अंतरावर. कुणी आधी बोलायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचे. या ४५ सेंटीमीटरमध्ये सगळी मुत्सद्देगिरी होती. गोल टेबलाकडे बोट दाखवून हनोईला म्हणता येई की चार पक्ष बसले आहेत. लहान टेबलांकडे बोट दाखवून सायगावला म्हणता येई की बाजू दोनच आहेत. कुणीच खोटे बोलत नव्हते.

२५ जानेवारीला पॅरिसमधल्या क्लेबेर मार्गावरच्या एका इमारतीत पहिली पूर्ण बैठक झाली. जून महिन्यात आघाडीने हंगामी क्रांतिकारी सरकार स्थापन केले, बाई त्याच्या परराष्ट्रमंत्री झाल्या आणि शिष्टमंडळाच्या प्रमुखही. पुढे दर गुरुवारी बैठका होत राहिल्या. खरी देवघेव मात्र तिथे झालीच नाही. ती अमेरिकेचे किसिंजर आणि हनोईचे ले डुक थो यांच्यात, पॅरिसच्या आसपासच्या घरांत, गुपचूप चालली होती. मग गोल टेबलाचा उपयोग काय झाला? बाईंनी तो करून घेतला. १ जुलै १९७१ रोजी त्यांनी सात कलमी प्रस्ताव मांडला. अमेरिकेने सैन्य माघारीची अखेरची तारीख त्याच वर्षातली ठरवावी, त्याबरोबरच युद्धकैदी सोडले जातील, हे त्यातले पहिले कलम. कैद्यांच्या कुटुंबांना, युद्धविरोधी सिनेटरांना, पत्रकारांना ते थेट जाऊन भिडले. नावाची पाटी नसलेल्या खुर्चीवरून त्या जगाशी बोलत होत्या, आणि जग त्यांना नावाने ओळखू लागले होते.

हे भांडण टेबलावर मिटले असे मात्र समजू नये. २७ जानेवारी १९७३ ला ते पुन्हा उफाळले, या वेळी कागदावर. सकाळी चार परराष्ट्रमंत्र्यांनी करारावर सह्या केल्या: अमेरिकेचे रॉजर्स, सायगावचे त्रान व्हान लाम, हनोईचे न्गुयेन झुई त्रिन्ह आणि बिन्ह. चौघांत स्त्री एकटीच. पण या प्रतीच्या मजकुरात बाईंच्या सरकारचे नाव कुठेही नव्हते, होते ते फक्त 'परिषदेत भाग घेणारे पक्ष'. अमेरिका आणि सायगाव यांच्या सह्या एका पानावर, हनोईची आणि बाईंची दुसऱ्या पानावर. सरकारांची नावे घेणारी वेगळी प्रत दुपारी निघाली. तिच्यावर सह्या दोघांच्याच, अमेरिकेच्या आणि हनोईच्या. बाईंच्या सरकारचे नाव ज्या प्रतीत होते, तिच्यावर बाईंची सही नव्हती.

सह्यांच्या त्या दिवसाची सविस्तर हकिकत, आणि त्याआधी १९७० मध्ये इंदिरा गांधींना भेटायला बाई दिल्लीला आल्या तेव्हाची, पुढच्या दोन भागांत पाहू. दिल्लीची आधी घेऊ.